खोदकामाच्या कंत्राटदाराचा विमा

इमारतीचा पाया खणणे, रस्त्यासाठी जमीन कापून सपाट करणे, जलवाहिनीसाठी चर काढणे अशी कामे घेणारा कंत्राटदार महाराष्ट्रात बहुधा एका यंत्राचा मालक म्हणूनच या धंद्यात उतरतो. जेसीबी किंवा पोकलेन कर्जावर घेतलेले असते, ते फिटेपर्यंत यंत्र बँकेकडे तारण राहते आणि म्हणून त्याचा विमा उतरवण्याची अट बँकच घालते. परिणामी पहिली पॉलिसी यंत्राची निघते आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचीही तीच ठरते. वास्तविक या धंद्यातली मोठी जोखीम उकरल्या जाणाऱ्या मातीत, त्या मातीच्या आधाराने उभ्या असलेल्या शेजारच्या भिंतीत आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसात असते, आणि तिचा विमा कोणी आपण होऊन गळ्यात घालत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

यंत्राच्या विम्यातही दोन प्रकार आहेत. टायरवर चालणारा जेसीबी, ग्रेडर किंवा डंपर सार्वजनिक रस्त्यावर येत असल्याने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याला त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे अपघातात सापडणाऱ्या तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे. खोदयंत्र आणि रोड रोलर ही मोटार वाहनेच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली केरळमधील एका करविषयक खटल्यात ठरवलेले आहे. साखळीपट्ट्यावर चालणारा पोकलेन मात्र ट्रेलरवर लादून नेला जातो, आणि त्याच्यासाठी ‘काँट्रॅक्टर्स प्लँट अँड मशिनरी’ नावाची पॉलिसी असते, जिच्यात यंत्र उलटणे, दरड कोसळणे, पूर, आग, चोरी यांमुळे होणारे नुकसान भरून मिळते, परंतु इंजिनातला आपोआप उद्भवलेला बिघाड किंवा नेहमीची झीज भरून मिळत नाही. या पॉलिसीत विम्याची रक्कम यंत्राच्या आजच्या घसरलेल्या किमतीवर न धरता तसेच नवे यंत्र घेण्यास लागणाऱ्या किमतीवर धरायची असते, आणि हप्ता वाचवण्याच्या नादात नेमकी येथेच चूक होते. समजा, ६० लाखांना मिळणाऱ्या यंत्राचा विमा ३० लाखांचाच उतरवला आणि १० लाखांचे नुकसान झाले, तर विमा निम्म्याचाच असल्यामुळे भरपाईही निम्मी, म्हणजे ५ लाखच, धरली जाते आणि तिच्यातून विमेदाराने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम पुन्हा वजा होते.

शेजाऱ्याच्या नुकसानीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कोरडा मुरूम उभा कापला तरी काही दिवस तसाच तग धरतो, त्यामुळे खड्डा भक्कम असल्याचा भास होतो. पावसाचे पाणी मुरले की तोच मुरूम सरकू लागतो, आणि काळी माती तर ओलीने फुगते व उन्हाने भेगाळते. पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची संरक्षक भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. पावसाळ्याच्या तोंडावर अशा भिंतीशेजारी काम चालवणे किती धोक्याचे असते, हे त्या रात्रीने दाखवले.

अशा नुकसानीसाठी ‘काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स’ ही पॉलिसी असते. तिचा पहिला भाग चालू कामाच्या नुकसानीचा आणि दुसरा तिऱ्हाइतांच्या नुकसानीचा असतो. नावात ‘सर्व जोखमी’ असल्या तरी हादऱ्यांमुळे किंवा जमिनीचा आधार निघून गेल्यामुळे शेजारच्या मालमत्तेला पोहोचणारी हानी मूळ पॉलिसीत सहसा धरलेली नसते, आणि खोदकाम करणाऱ्याला तर भीती असते ती याच हानीची. जादा हप्ता भरून हे कलम जोडता येते. पण त्यातही शेजारची इमारत पूर्णतः किंवा अंशतः कोसळली तरच भरपाई मिळते, तिच्या स्थैर्याला धक्का न लावणाऱ्या भेगांची मिळत नाही, आणि काम सुरू होण्यापूर्वी ती इमारत सुस्थितीत होती हे दाखवणारा पाहणी-अहवाल कंत्राटदाराने स्वखर्चाने तयार करून ठेवावा, अशी अट विमा कंपनी घालू शकते. त्यामुळे खणायला लागण्याआधी शेजारच्या प्रत्येक भिंतीची तारखेसह छायाचित्रे घेणे आणि जुन्या भेगांची नोंद शेजाऱ्याच्या सहीने करून ठेवणे, हे काम पुढे वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडते. ‘बिल्डरची पॉलिसी आहेच’ या भरवशावर स्वस्थ बसणाऱ्या पोटकंत्राटदाराने त्या पॉलिसीत पोटकंत्राटदारांचा समावेश आहे की नाही, एवढे तरी वाचून घेतलेले बरे.

जमिनीखालच्या केबल आणि नळांबाबत विमा कंपन्यांची अपेक्षा अशी असते की, खोदण्यापूर्वी संबंधित यंत्रणांकडे त्यांच्या जागेची चौकशी झालेली असावी. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप याच हेतूने सुरू केले. तुटलेली केबल जोडण्याचा खर्च एक वेळ मिळेल, पण ती बंद पडल्याने इतरांचा जो धंदा बुडाला त्याची भरपाई पॉलिसीतून बहुधा मिळत नाही.

उरतो तो मजूर. घनमीटरभर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते, म्हणूनच दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देण्याचा दंडक भारतीय मानकात आहे. कामावर मृत्यू झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे १९२३ च्या कायद्याने घालून दिलेले तत्त्व आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेले आहे. त्या कायद्याच्या सूत्राप्रमाणे मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे असते. ३० वर्षांच्या मजुराचे वेतन १५,००० रुपये धरले, तर २०७.९८ या गुणकाने ही भरपाई १५,५९,८५० रुपये होते. मुकादमाने आणलेल्या मजुरांची जबाबदारीही अंतिमतः मुख्य कंत्राटदारावर येते, आणि विमा मात्र कंपनीला कळवलेल्या मजुरांपुरताच राहतो. तेव्हा ज्याचे नाव हजेरीपत्रकावर नाही, त्याच्यासाठी विमा असूनही नसल्यासारखाच. शिवाय भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही, तर तिच्यावर व्याज आणि निम्म्या रकमेपर्यंत दंड बसू शकतो, असे १९२३ च्या कायद्यात होते. त्यातले व्याज विमा कंपनीने द्यावे, दंड मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून भरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला.