नहरांच्या गावी पाहिलेली चित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, तुम्ही परदेशी जाऊन आलात, तेव्हा वर्धापनदिनाला तिकडच्या गमती सांगा. मी म्हटले, गमती फारशा नाहीत. तीन महिन्यांतले बहुतेक दिवस माझे दुपटी धुण्यात, शेक-शेगडीत आणि डिंकाचे लाडू वळण्यात गेले. परंतु तीन-चार दिवस मी तेथील पदार्थसंग्रहालये पाहिली आणि त्यांविषयी बोलावे असे मला मनापासून वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंत आहे. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

2024 च्या ऑगस्टात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी हॉलंडात गेले. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. माझ्या वेळी सातवीच्या पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसाळ्यात डोंगा चालत नसे. तिच्या वेळेपर्यंत पूल झाला. ती नागपूरला शिकून इंजिनियर झाली आणि आता अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आमस्टेलव्हेन गावी राहते. तिकडे आपले हिंदी लोक पुष्कळ आहेत, मेथीची जुडीसुद्धा मिळते.

आपल्या मूल-सावलीकडे नहर म्हटली की आसोला मेंढ्याचे पाणी आणि धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे येतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या नहरी शेतीच्या नव्हेत. सतराव्या शतकात गाव वाढले तेव्हा त्या जुन्या वस्तीभोवती कड्यांसारख्या एकाबाहेर एक खणल्या. मालाच्या नावा थेट व्यापाऱ्यांच्या दाराशी येत. घरे उंच आणि अरुंद. जिना एवढासा की त्यावरून कपाट चढत नाही, म्हणून घराच्या माथ्यावर लोखंडी आकडा बसवलेला असतो. त्याला दोर लावून सामान खिडकीतून वर घेतात. हा सगळा भाग 2010 पासून जागतिक वारसा म्हणून गणला जातो.

मला नवल वाटले ते लाकडाचे. तेथील जमीन दलदलीची, म्हणून जुनी घरे जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. भर चौकातील राजवाडा तर 13,659 खांबांवर उभा आहे आणि तोही सतराव्या शतकापासून. आपण जंगलातली माणसे, लाकडाला पाणी लागले म्हणजे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मी बहिणीच्या यजमानांना विचारले, मग हे कुजत कसे नाही? ते म्हणाले, लाकूड पूर्ण पाण्याखाली राहिले आणि त्याला हवा लागली नाही तर ते टिकते; पाणी उतरून वरचे टोक उघडे पडले की कूज धरते. म्हणून तेथे पाण्याची पातळी फार जपतात.

बाळ दीड महिन्याचे झाल्यावर बहीण म्हणाली, "ताई, आज संग्रहालयात जाऊ." तेथील राष्ट्रीय संग्रहालयाला राइक्सम्युझियम म्हणतात. इमारत 1885 ची, राजवाड्यासारखी, आणि तिच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. तिकीट तेव्हा आपल्या पैशांत दोन हजारांच्या घरात होते. मी म्हटले, एवढ्या पैशांत बाळाची दोन लोकरी झबली येतील, आणि मला त्यातले काय कळणार? ती म्हणाली, "कंटाळलीस तर बाकावर बसू."

आत सगळ्यांत मोठी गर्दी रेम्ब्रांटच्या 1642 सालच्या चित्रापुढे. त्याला 'रात्रीचा पहारा' म्हणतात. चित्र भिंतीएवढे आणि तेही काचेच्या खोलीत, कारण 2019 पासून तज्ज्ञ लोकांसमोरच त्याची तपासणी करीत होते. पूर्वी एकदा ते दुसऱ्या भिंतीवर मावेना म्हणून त्याच्या कडा चक्क कापून टाकल्या होत्या! बंदुका, भाले, झेंडे, पुष्कळ पुरुष. मी पाहिले आणि पुढे गेले.

पुढे एका लहानशा चित्रापाशी मात्र माझे पाय थांबले. जेमतेम दीड फूट उंचीचे. एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून दूध ओतते आहे, एवढेच. व्हर्मीर नावाच्या चित्रकाराने 1660 च्या सुमारास ते काढले. बाई घरची मालकीण नव्हे, कामाची आहे. पिवळी चोळी, निळे वस्त्र कमरेला खोचलेले, बाह्या वर सारलेल्या. भगिनींनो, तिचा हात पाहावा. बाहीखाली झाकलेली कातडी उजळ आणि त्याखाली मनगटापर्यंत रापलेली. रोज पाण्यात आणि उन्हात हात असणाऱ्या बाईचा हात तसाच असतो, आपल्या रोवणीच्या बायांचा पाहा. दुधाची धार सुतासारखी बारीक. भांडे जड आहे, तरी ती घाई करीत नाही. तिला किती दूध घालायचे ते ठाऊक आहे. टेबलावर पावाचे तुकडे पडले आहेत. जाणकार म्हणतात की, ती शिळ्या पावाचे काही दुधात करीत असावी. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, त्यातलेच ते. मागच्या पांढऱ्या भिंतीवर एक खिळा आहे आणि खिळे उपटलेली भोके आहेत. चित्रकाराला ती भिंत कोरी ठेवता आली असती. त्याने भोके ठेवली.

खाली जमिनीवर भोके पाडलेली एक लाकडी पेटी दिसते. बहीण म्हणाली, "ही कशाची ग पेटी?" मी म्हटले, शेगडी आहे, पाय शेकायची. बाळंतिणीला रोज शेकत होते, म्हणून मला चटकन ओळखू आली. तिने फोनवर वाचले, तर तसेच निघाले. ती हसली आणि त्यानंतर दर चित्रापुढे मलाच विचारू लागली. एका चित्रात दोन बाया कपाटात धुतलेल्या चादरींच्या घड्या लावीत होत्या, तेथेही आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

व्हर्मीर 1675 साली त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. मागे बायको कॅथरिना, अकरा मुले आणि कर्ज. एकट्या पाववाल्याचीच उधारी सहाशे गिल्डरांवर गेली होती आणि तिच्यापोटी तिला नवऱ्याची दोन चित्रे पाववाल्याला द्यावी लागली. आज जगात त्याची चित्रे छत्तीस-सदतीसच आहेत म्हणतात, आणि एकेका चित्रासाठी लोक समुद्र ओलांडून येतात. मला त्या कॅथरिनेचे वाटले. अकरा तोंडे आणि पाववाला दाराशी.

त्याच संग्रहालयात आशियाच्या दालनात तामिळनाडूचा बाराव्या शतकातील पितळी-कांशासारखा मोठा नटराज आहे. मी हात जोडले आणि मग पायांकडे पाहिले, तर पायांत बूट! बूट काढावे तर पहारेकरी पाहतो आहे. तशीच उभी राहिले. उजेड असा सोडला आहे की मूर्तीचे एकेक बोट दिसते. तेव्हा आपल्या मार्कंड्याची आठवण झाली. महाशिवरात्रीला आपण वैनगंगेत स्नान करतो, रांगेत धक्के खात दर्शन घेतो आणि परत फिरतो. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर शेकडो मूर्ती आहेत. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम साहेब येऊन त्या पाहून, लिहून गेले. आपल्यापैकी किती जणींनी देवळाला सावकाश एक फेरी घालून त्या पाहिल्या आहेत? जत्रा सोडून एखाद्या साध्या दिवशी मंडळाने जावे. नागपूरचा अजब बंगलाही 1863 पासून आहे. आपण नागपूरला जातो ते दवाखान्यात आणि सीताबर्डीवर.

एका काचेआड जुने छापील फुलांचे कापड होते. त्याला डच भाषेत 'सिट्स' म्हणतात. म्हणजे आपले चीटच! सतराव्या शतकात त्यांची कंपनी मिरी, मसाले आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावरचे रंगवलेले सुती कापड जहाजे भरभरून नेई. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष आहेत. त्या नहरीकाठच्या हवेल्या कशाच्या पैशावर उभ्या राहिल्या, हे पाहताना विसरू नये. मी तरी विसरले नाही.

आणि ऐका, त्या संग्रहालयात शिवाजीमहाराजांचे चित्र आहे. अ‍ॅमस्टरडॅमचा एक नगराध्यक्ष निकोलास विट्सेन, त्याच्या संग्रहात हिंदुस्थानातील राजेलोकांच्या चित्रांची वही होती. ती 1686 च्या सुमारास गोवळकोंड्याकडे तयार झालेली. महाराज 1680 साली गेले, म्हणजे त्यानंतर थोड्याच वर्षांत. कागदावरची चित्रे उजेडाने विटतात, म्हणून ती कायम टांगलेली नसतात. आम्हाला ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाही. बहिणीने संग्रहालयाच्या यादीतून ते फोनवर काढून दाखवले. बाळाच्या डोळ्यांपुढेही धरले.

अ‍ॅन फ्रँकच्या घरी मी बहिणीच्या यजमानांबरोबर गेले, कारण तेथील जिने फार उभे. ज्यू लोकांचे दोन संसार आणि एक गृहस्थ, अशी आठ माणसे जुलै 1942 पासून दोन वर्षे तेथे लपली. पुस्तकांच्या कपाटामागे दार. दिवसा नळ सोडायचा नाही, पायांचा आवाज करायचा नाही. ऑगस्ट 1944 मध्ये पकडले गेले आणि परत आला तो एकटा बाप. त्याच्या इच्छेप्रमाणे खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. भिंतीवर मुलींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. आपण दाराच्या चौकटीवर करतो तशाच. तेथे माझ्याने अधिक वेळ थांबवेना.

शेवटी व्हॅन गॉगचे संग्रहालय. त्याचे 'आलू खाणारे' हे 1885 चे चित्र मी आधी पाहिले. एका दिव्याखाली पाच माणसे एकाच थाळीतून उकडलेले आलू खात आहेत. रंग काळपट, बोटे हाडकुळी, गाठाळ. ज्या हातांनी माती उकरली तेच हात थाळीत घातले आहेत, हे दाखवायचे होते असे त्याने भावाला कळवले होते. काही लोकांना ते चित्र कुरूप वाटते. मला नाही वाटले. दुसरे चित्र निळ्या आकाशावर बदामाची फुले. धाकटा भाऊ थिओ याला 1890 च्या जानेवारीत मुलगा झाला, त्या बाळासाठी काकाने काढलेले. आमच्या बाळाला मी ते उचलून दाखवले.

आता ज्या बाईसाठी मी आज उभी राहिले, तिची हकीकत. तिचे नाव योहाना, घरात योच म्हणत. थिओची बायको. व्हिन्सेंट जुलै 1890 मध्ये स्वतःवर गोळी झाडून गेला. सहाच महिन्यांनी थिओही गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. यो अठ्ठावीस वर्षांची, कडेवर एक वर्षाचे मूल आणि घरात दिराची शेकडो चित्रे, ज्यांना गिऱ्हाईक नव्हते. व्हिन्सेंटच्या हयातीत फारच थोडी विकली गेली होती. ती माहेरच्या आधाराने बसून राहिली नाही. बुसुम गावी तिने खानावळीसह भाड्याच्या खोल्या चालवायला घेतल्या आणि त्याच घराच्या भिंतींवर ती चित्रे लावली. दिवसा पाहुण्यांचे जेवणखाण, मुलाचे पाहणे, आणि त्यातून वेळ काढून दोघा भावांची पत्रे वाचायची, तारखा जुळवायच्या. पत्रांवर तारखा नसत! गावोगावी प्रदर्शने भरवली. 1905 साली अ‍ॅमस्टरडॅमला मोठे प्रदर्शन झाले, 1914 साली पत्रे छापून निघाली. 1925 साली ती वारली, तेव्हा ती त्या पत्रांचे इंग्रजी भाषांतर करीत होती. ज्या बाळासाठी बदामाची फुले काढली होती, त्याच मुलाने पुढे संग्रह जपला आणि 1973 साली हे संग्रहालय उघडले. तेथे आज दोनशेवर चित्रे आहेत. त्या माळ्यावर गाठोडी बांधून ठेवली असती किंवा मोडीत काढली असती, तर तिला कोणी बोल लावला नसता.

हे सांगण्याचे कारण मंडळाची हिरवी ट्रंक. समाजमंदिराची खोली दुरुस्तीसाठी रिकामी करायची आहे आणि ट्रंकेतील जुने दप्तर रद्दीत द्यावे, असा विषय पुढच्या सभेपुढे आहे. मी ती ट्रंक उघडून पाहिली. हजेरीच्या वह्या आहेत, भिशीचे हिशेब आहेत, कोणी किती शेवया वळून दिल्या त्याची नोंद आहे. कितीतरी जणींनी नावापुढे अंगठा केलेला आहे आणि पुढच्या एका वर्षी त्याच जागी वेडीवाकडी सही आहे. हळदीकुंकवाचे, नाटकाचे फोटो आहेत. एका फोटोत माझ्या सासूबाई पुरुषाचा फेटा बांधून उभ्या आहेत. आम्हाला घरी हे कोणाला ठाऊक नव्हते.

रद्दीचे शंभर-दीडशे रुपये येतील. तेवढे मी मंडळाला भरते. ट्रंक आमच्या मागच्या खोलीत राहील. ह्यांना विचारून ठेवले आहे. वाळवी लागू नये म्हणून खाली चार विटा आणि आत कडुनिंबाचा पाला घालीन. मात्र फोटोंच्या पाठीवर नावे नाहीत, आणि त्यांतील बाया ओळखणाऱ्या आता तिघी-चौघीच राहिल्या आहेत. त्या आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यावे. मी पेन्सिल घेऊन बसते, त्यांनी नावे सांगावीत. चहा आणि चिवडा माझ्याकडे.