रंग आणि रक्त यांना जोडणारं जनुक



प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांत
'फॉन-हूडेड' नावाचा एक वाण आहे.
डोकं फिकट तपकिरी.
अंग बरंचसं पांढरं.
डोळे लालसर.
दिसायला देखणा.
पण जखम झाली, की रक्त लवकर थांबत नाही.

आता रंगाचा आणि रक्ताचा काय संबंध?

२००४ मध्ये उत्तर मिळालं.
दोष निघाला एकाच जनुकात.
त्याचं नाव रॅब-३८.

या जनुकापासून एक छोटं प्रथिन बनतं.
ते विजेच्या बटणासारखं चालतं.
जीटीपी नावाचा रेणू चिकटला, की चालू.
त्या रेणूतला एक फॉस्फेट तुटला, की बंद.

चालू असताना ते काय करतं?
पेशीत चिमुकल्या पिशव्या असतात.
त्यांत योग्य माल पोचवायला ते मदत करतं.
रंगपेशीत या पिशव्यांत रंग तयार होतो.
प्लेटलेटमध्ये रक्त थांबवायला लागणारी द्रव्यं साठतात.

फॉन-हूडेडमध्ये या जनुकाच्या अगदी आरंभी
एकच अक्षर बदललंय.
प्रथिन बनतच नाही.
म्हणून रंग फिका.
म्हणूनच रक्तही थांबेना.

पुन्हा सांगते. जनुक एक, परिणाम दोन.
खरं तर तीन.
फुफ्फुसाच्या पेशींतही बिघाड दिसतो.

गंमत अशी, की लहान जातीच्या उंदरात हेच जनुक बिघडलं,
तर अंग चॉकलेटी होतं,
पण रक्तस्राव वाढत नाही!

माणसात हर्मान्स्की-पुडलाक नावाचा दुर्मीळ आजार आहे.
त्यातही त्वचेचा रंग फिका, आणि रक्त लवकर न थांबणारं.
त्याच्या अभ्यासासाठी संशोधक फॉन-हूडेड वाण वापरतात.