उंबरठ्याच्या आतील सेवा



ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आहे. सर स्वतः नेमाने पूजाअर्चा करणारे. परंतु लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील प्रकरणे ते ज्या आत्मीयतेने वाचून दाखवीत, ती आत्मीयता मला पुढे कित्येक ख्रिस्ती घरांतही आढळली नाही. वर्गात आम्ही दोघेतिघेच ख्रिस्ती विद्यार्थी होतो. आपल्या मंडळीच्या इतिहासाची पहिली ओळख आम्हांला सरांच्या तोंडून झाली, हे ऋण आज या व्यासपीठावरून नमूद करताना मला समाधान वाटते.

शिक्षकी पेशा सांभाळून मी येथील मंडळीच्या तरुण संघाचे काम पुष्कळ वर्षे पाहिले. हे काम म्हणजे काय, याची कल्पना इतर समाजातील श्रोत्यांना नसेल, म्हणून थोडे सांगतो. रविवारी उपासनेनंतर तरुणांची सभा, मधल्या वारी पवित्र शास्त्राचा अभ्यास, नाताळापूर्वी गाण्याचा सराव आणि घरोघरी जाणारी गायकांची फेरी, मे महिन्याच्या सुट्टीत शिबिर, एवढे तर कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते. न छापलेले काम याहून मोठे. कुणाच्या वसतिगृहाची सोय पाहावयाची, नापास झालेल्या मुलाला त्याच्या वडिलांसमोर नेऊन उभे करावयाचे, रात्री इस्पितळात कुणाच्या तरी उशाशी बसावयाचे. यातील बहुतेक सारे काम संध्याकाळी, रविवारी आणि सुट्टीत येते, कारण तरुण मंडळी तेव्हाच मोकळी असतात. नेमक्या त्याच वेळी सेवकाची बायकामुलेही घरी असतात. तरुणांमध्ये काम करणाऱ्या पाळकाची सारी अडचण या एका गोष्टीत साठवलेली आहे. श्रद्धा, संसार आणि सेवा या तिहींची ओढाताण त्याच्या आयुष्यात तात्त्विक नसते. ती घड्याळाच्या काट्यावर मोजता येते.

याविषयी बोलताना एखाद्या परकीय ग्रंथाचा आधार घेण्याचे मला कारण दिसत नाही. मराठी ख्रिस्ती परंपरा आपल्या अंगणातली आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली याच बेळगावात झाला आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्माही येथेच घेतला. ‘यमुनापर्यटन’ हे त्यांचे पुस्तक १८५७ सालचे. परंतु आजच्या विषयाला नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार अधिक जवळचा आहे. ‘तरुणांचे पाळक’ असे बिरुद टिळकांनी कधी लावले नाही. तरीही अहमदनगरला धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी शिकविले, ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकासाठी लेखणी झिजविली, आणि त्यांच्या घरी तरुण मुलांचा राबता कधी थांबला नाही. शिवाय या सेवेची किंमत घराने काय मोजली, याचा जमाखर्च त्यांच्या पत्नीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. अशी दुसरी नोंद मला ठाऊक नाही.

प्रथम श्रद्धेविषयी. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लक्ष्मीबाईंचा १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा. १८८० साली त्यांचा विवाह झाला, तेव्हा लक्ष्मीबाई बारा वर्षांच्याही नव्हत्या. माहेरी सोवळ्याचा कडक अंमल होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अंतःकरणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवशी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरी लहान मुलगा, पती जिवंत असूनही संसार मोडलेला, आणि समाजात तोंड कोणाला दाखवावे हा प्रश्न; अशी काही वर्षे त्यांनी आप्तांच्या आधाराने काढली. धर्मांतराच्या इतिहासात ज्याने निर्णय घेतला त्याचे चरित्र सहसा लिहिले जाते. ज्याच्यावर तो निर्णय कोसळला, त्याचे म्हणणे आपल्याला ‘स्मृतिचित्रां’मुळे ऐकावयास मिळते.

पुढे त्या पतीकडे आल्या, पण आल्या त्या आपला धर्म आणि आपली चूल घेऊन. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. मनुष्यामनुष्यांतील जातिभेद देवाने केलेला नाही, ही गोष्ट लक्ष्मीबाईंना आधी आणि स्वतःच्या विचाराने पटली; आपल्या मुलासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. पतीचा धर्म तोच पत्नीचा, असे ज्या काळी गृहीत धरले जाई, त्या काळी एका स्त्रीने पाच वर्षे स्वतंत्रपणे विचार केला, आणि पतीने तिला तो करू दिला. तरुणांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हा कालावधी लक्षात ठेवावा. आपल्याला शिबिराच्या तिसऱ्या दिवशी फळ हवे असते!

आता सेवेविषयी. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. आमच्या उपासनेत आजही जी मराठी गीते गायिली जातात, त्यांतील शंभरांहून अधिक त्यांची आहेत. मिशनऱ्यांच्या चालींवर बसविलेल्या भाषांतरित गाण्यांच्या जागी अभंग आणि ओवी आली, ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. परंतु याच टिळकांच्या हाती पडलेला पगार घरापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की पैसे त्याचे होत. दारी आलेल्याला जेवू घालावयाचे हे टिळकांनी ठरवावे आणि डब्यात पीठ आहे की नाही हे लक्ष्मीबाईंनी पाहावे, अशी त्या घराची रीत होती. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. वाचणाराही हसतो. मात्र त्या हसण्याच्या मागे एका गृहिणीची किती रात्रींची झोप गेली असेल, हे संसार केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टिळकांच्या नावावर जमा असलेल्या सेवेचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी केलेला आहे. दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली; त्यांना न्हाऊमाखू घालून वाढविले ते लक्ष्मीबाईंनी. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा त्यांनी केली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे टिळकांच्या घरी येऊन राहिले. कविता शिकण्यासाठी आलेल्या त्या हळव्या, लहरी मुलाला लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखे सांभाळले. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातील त्यांच्या पानात काही उणे पडले नाही. १९१८ साली रेल्वे-अपघातात त्यांचा अंत झाला, त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. तरुणांची सेवा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी या घराकडे बोट दाखवीन. तेथे उपदेश होता, पण त्याआधी जेवण होते, आणि ते जेवण कोणत्याही अटीवर वाढले जात नव्हते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. आमच्या तरुण संघातील एका चिकित्सक मुलाने मला तो विचारला होता: “गुरुजी, आईबाप आणि बायकामुले यांच्यापेक्षा माझ्यावर अधिक प्रीती करा, असे स्वतः प्रभूनेच सांगितले आहे ना? मग घराची इतकी चिंता कशाला?” लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात तशी कठोर शिकवण आहे, हे खरे. ती सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही. सत्यासाठी घर दुरावले तर ते सोसावे लागते. टिळकांनी १८९५ साली ते सोसले. पण त्याच प्रभूने, देवाला अर्पण केले अशी सबब सांगून वृद्ध आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. वधस्तंभावर असतानाही आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपविण्याचे त्याला भान होते. पौल तरुण तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवितो. आणि ज्याला स्वतःचे घर चालविता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असा प्रश्नही तोच करतो. त्या मुलाला मी इतकेच म्हटले, की सत्यासाठी घराला मुकणे निराळे आणि लोकांच्या शाबासकीसाठी घराकडे पाठ फिरविणे निराळे. दोहोंना एकच ‘त्याग’ हा शब्द वापरला, की दुसऱ्याला पहिल्याची प्रतिष्ठा मिळते.

हा फरक आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. टिळकांच्या काळी पाळक घरी परतला की निदान दारावर थाप पडेपर्यंत घराचा असे. आता त्याच्या खिशातील दूरध्वनी रात्री बारालाही वाजतो आणि तेथील निरोपाला तत्काळ उत्तर गेले नाही, तर सकाळी तक्रार येते. मध्यंतरी एका तरुण पाळकाच्या पत्नीने मंडळीच्या बैठकीत शांतपणे विचारले, “सगळ्यांच्या मुलांना हे वेळ देतात, ह्याचा मला आनंदच आहे. आमच्या मुलांसाठी मंडळी कोणाला पाठवणार?” बैठकीत काही काळ कोणी बोलले नाही. तो प्रश्न तिच्या पतीला नव्हताच. आपल्या सेवकाकडून आपण काय मागतो, असे ती आम्हां सर्वांना विचारीत होती.

त्यानंतर आमच्या तरुण संघाने काही साधे नियम केले. कोणतेही काम एका माणसाच्या नावावर ठेवावयाचे नाही, नेहमी दोघांकडे द्यावयाचे. गुरुवारची संध्याकाळ सेवकाच्या घराची. त्या दिवशी सभा नाही. “आजारी माणूस वार पाहून आजारी पडतो का?” असे काहींनी विचारले. पडत नाही, म्हणून तर दुसरा माणूस नेमला. मानधन ठरल्या तारखेलाच द्यावयाचे, कारण त्यागाची अपेक्षा करणाऱ्यांनी वाण्याचे बिल कोणी भरावयाचे तेही ठरविले पाहिजे. नव्या सेवकाला बोलावताना त्याच्या पत्नीचे अथवा पतीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावयाचे. आणि पाळकाच्या मुलांना इतर मुलांप्रमाणे खोड्या करण्याची मोकळीक द्यावयाची. मंडळीची शोभा वाढविण्यासाठी त्यांचा जन्म झालेला नाही. या नियमांनी चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. पण काम थांबले नाही, आणि गुरुवारी त्या घरात चार माणसे एकत्र जेवू लागली.

येथे बसलेल्या शिक्षकांना आणि समाजकार्यकर्त्यांना हे सारे परके वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे. सीमाभागात भाषेसाठी झटणारे कार्यकर्ते, रात्रशाळा चालविणारे शिक्षक, रुग्णसेवक, या सर्वांच्या घरी कोणीतरी एक लक्ष्मीबाई आहे. तिचे नाव आभारप्रदर्शनात अखेरीस येते, आणि पुष्कळदा तेवढेही येत नाही.

टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारी कामाचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. तो पुरा होण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभिलेले ओवीबद्ध महाकाव्य तेव्हा साडेदहा अध्यायांवर थांबले होते. जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, जिला अक्षरओळखच मुळी पतीने करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पुरा केला. ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला होता.

सेवकाचे काम त्याच्यामागे चालावे असे वाटत असेल, तर त्या कामात घरातल्यांचा वाटा असला पाहिजे, आणि तो त्यांनी आपखुशीने उचललेला असला पाहिजे. टिळकांनी आपल्या पत्नीला लिहावयास शिकविले आणि तिच्या मताला वेळ दिला. त्यांच्या इतर साऱ्या सेवेच्या जोडीने मी ही सेवाही मांडतो. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या ज्या मुलामुलींना लोकसेवेची ओढ असेल, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचावे, आणि आपल्या घरच्यांनाही वाचून दाखवावे. सर तसेच करीत असत.