पाल्य घराबाहेर पडताना : सुरक्षितता आणि स्वावलंबन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून बॅगा भरल्या जातात. कोणाचा मुलगा पुण्यास निघतो, कोणाची कन्या मुंबईस. निरोप देताना प्रत्येक पालकाच्या मनात एकच प्रश्न असतो : मोकळीक द्यावी की नजरेखाली ठेवावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. दूर गावी राहणाऱ्या पाल्याचे रक्षण आपली नजर करू शकत नाही. त्याची स्वतःची समज आणि घरी निर्भयपणे खरे सांगण्याची सवय, या दोनच गोष्टी ते करू शकतात.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि रोजची कामे स्वतःच्या हातांनी करीत. 'कमवा व शिका' ही योजना याच विचारातून उभी राहिली. स्वावलंबन हा शिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आमच्या कापडाच्या धंद्यात नवा मुलगा कामास आला, तर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती भारी सुटिंग आणि कात्री देत नाहीत. प्रथम घड्या, मग माप, मग साध्या थानातून कापड फाडणे, असा क्रम असतो. परंतु कात्री कधीच हाती दिली नाही, तर तो वीस वर्षांनीही घड्याच घालीत राहील. अठरा वर्षे पूर्ण होताच कायदा आपल्या पाल्यास सज्ञान ठरवितो. समज मात्र एका दिवसात येत नाही. म्हणून अकरावीपासूनच प्रारंभ करावा. ठरावीक रक्कम महिन्याच्या आरंभी एकदाच द्यावी व खर्चाचा रोजमेळ त्यानेच लिहावा. बँकेतील काम, रेल्वेचे आरक्षण, डॉक्टरांकडे जाणे, स्वतःचे कपडे धुणे या गोष्टी घरी असतानाच अंगवळणी पडाव्यात.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. भाड्याची खोली घेतल्यास लिखित व नोंदणीकृत करार असावा आणि अनामत रकमेची पावती जपून ठेवावी. आपले बँक खाते, एटीएम कार्ड वा सिमकार्ड कमिशनच्या लोभाने किंवा मैत्रीखातर कोणासही वापरू देऊ नये. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला, तर पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, हे पक्के ध्यानात असावे. तरीही फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी थांबविता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. कोणत्याही संकटसमयी ११२ हा क्रमांक आहे.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये त्याविषयी कडक नियम केले आणि १८००-१८०-५५२२ ही साहाय्य सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रवेश घेतानाच या समितीच्या सदस्यांची नावे विचारून घ्यावीत.

हे सर्व क्रमांक पाठ असूनही मूल गप्प राहते, असे का होते? कारण 'घरी कळले तर काय होईल' या भीतीने त्याचे तोंड बंद होते. बंधूंनो, फसविणाऱ्याचे आणि धमकावणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे आपल्या मुलांच्या मनातील आपली भीती. ते भांडवल आपणच काढून घेतले पाहिजे. निरोप देताना स्पष्ट सांगावे, "काहीही घडले, चूक तुझी असली तरी, पहिला फोन घरी कर." आणि तो फोन आला म्हणजे प्रथम ऐकावे, मग मदत करावी. चुकीचा हिशेब नंतर शांतपणे मांडता येतो.

त्याचबरोबर दिवसातून दहा वेळा फोन करून चौकशी करू नये. तशाने खोटी उत्तरे देण्याचीच सवय लागते. दोघांच्या सोयीची एक वेळ ठरवावी. रात्री उशीर होणार असल्यास कोठे व कोणासोबत आहोत, एवढे कळविण्याचा नियम असावा. तो नियम मुलास आणि मुलीस सारखाच असावा. मुलीला बंधने आणि मुलाला मोकळे रान, अशाने मुलगी सुरक्षित होत नाही आणि मुलगा जबाबदार होत नाही.

शेवटची विनंती मनाच्या आरोग्याविषयी. अपयश आले, मूल अबोल झाले, जेवण-झोप कमी झाली, तर ती केवळ आळसाची लक्षणे समजू नयेत. प्रत्यक्ष जाऊन भेटावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. गुण पुढच्या परीक्षेत मिळविता येतात. लेकरू दुसरे मिळत नाही.

येत्या जूनमध्ये ज्यांच्या घरून मुले बाहेर पडणार आहेत, त्यांनी आजच रात्री त्यांना जवळ बसवून मोकळेपणाने बोलावे, एवढीच प्रार्थना करतो.