वळिवाचं वादळ आणि छोटं विमान

मी मुलुंडहून बोलतेय. १३ मे २०२४ ला दुपारी इथे धुळीचं वादळ उठलं. शेजारच्या घाटकोपरला भलंमोठं होर्डिंग पेट्रोलपंपावर पडलं, १७ माणसं गेली. मुंबईचं विमानतळसुद्धा तासभर बंद ठेवावं लागलं. एवढाली विमानं थांबतात, मग छोट्या विमानाचं काय?

वळिवाआधी अंगणात येतो तो गार झोत आठवा, वाळत घातलेल्या कुरडया उडवणारा. पावसाबरोबर ढगातली थंड, जड हवा खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. विमान त्यात शिरलं की आधी वारा समोरून लागतो, विमान वर उचललं जातं. पुढच्याच क्षणी वारा पाठीमागून येतो आणि पंखांचा आधारच जातो. उतरताना असं झालं तर सावरायला उंची नसते. बरं, ढगावरून जावं, तर तो १२-१५ किलोमीटर उंच. छोटं विमान तिथवर पोचत नाही. म्हणून वैमानिकांना शिकवतात, जोरदार वादळी ढगापासून निदान ३५ किलोमीटर लांब राहा.

२५ मे २०११ ला पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारं एका इंजिनाचं विमान वादळी हवेत फरिदाबादच्या वस्तीवर कोसळलं. विमानातले सात आणि खाली वस्तीतले तीन, असे दहा जण गेले.

एअर ॲम्ब्युलन्स आता छोट्या शहरांतूनही बोलावतात. वैमानिक म्हणाला, ‘ढग सरेपर्यंत थांबू,’ तर त्याच्याशी भांडू नका. तेवढ्यात डॉक्टरांना विचारा, रस्त्याने निघता येईल का.