नट ढिला करण्याआधी



आयटीआयच्या स्नेहसंमेलनाला पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपण बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. बक्षीस वितरण आणि तुमचा कार्यक्रम अजून व्हायचा आहे, म्हणून थेट कामाचंच बोलतो. समोर मेकॅनिक डिझेल ट्रेडची मुलं-मुली बसली आहेत. माझं बोलणं मुख्यतः त्यांच्याशी आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी विहिरीवरचं किंवा जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू करताना मिस्त्रीला पाहिलं असेल. तो नोझलच्या पाईपचा नट ढिला करतो, सेल्फ मारायला सांगतो, हवा निघून डिझेल आलं की नट आवळतो. कुठला सिलिंडर नीट पेटत नाही, हेसुद्धा तो चालू इंजिनवर एकेक नट ढिला करून ओळखतो. ही मोठी विद्या आहे आणि त्या इंजिनांवर ती आजही चालते.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनवर मात्र हे कधीही करू नका. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते आठेक बार. चालू इंजिनच्या रेलमध्ये डिझेल १६०० ते २००० बारवर असतं, काही इंजिनांत त्याहूनही वर. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दीड-दोन टनांचा भार! त्या दाबाची बारीक धार कातडीतून सरळ आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. असं कुणाला झालं तर हळद-मलम लावत बसू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा आणि डिझेल दाबाने आत गेलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, मगच पाना लावायचा.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळायला बहुतेक इंजिनांत कॉमन रेल आली, म्हणजे ती आता हायवेवरून तुमच्या बांधावर आली आहे. गावातला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तुमच्याच दारात उभा राहणार.

तो आला की काय होतं, ते मी रोज बघतो. स्कॅनर लावला, पी ००८७ कोड आला, म्हणजे रेलचा दाब कमी. लगेच फर्मान निघतं, पंप बदला. अहो, कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो! का कमी आहे, हे शोधणं आपलं काम. फिल्टर तुंबला असेल, टाकीकडून येणारी लाईन हवा ओढत असेल, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला असेल, रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह गळत असेल, किंवा एखादा इंजेक्टर डिझेल परत टाकीकडे सोडत असेल. हा शेवटचा दोष शोधायला लागतात चार सारख्या मापाच्या बाटल्या. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी एकेका बाटलीत सोडा आणि ठरलेला वेळ इंजिन फिरवा. तीन बाटल्यांत तळाशी थोडं आणि चौथी भरत आली, तर चोर सापडला. मल्टिमीटरही तसाच कामाचा. चावी ऑन, इंजिन बंद, रेलमध्ये दाब नाही. तेव्हा बहुतेक रेल सेन्सर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतात. तिथेच आकडा भलता असेल, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा. बाटल्यांना आणि मीटरला फारसा खर्च येत नाही. पंपाची किंमत मात्र शेतकऱ्याच्या हंगामावर उठते. न मोजता त्याला पंप घ्यायला लावणं मला पाप वाटतं.

इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. धूळ आत जाऊ नये म्हणून पाईप काढला की त्याच क्षणी दोन्ही तोंडांना स्वच्छ टोपी. नवा इंजेक्टर बसवलात, तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमध्ये, भरायला विसरू नका, नाहीतर भाग नवा असूनही इंजिन ठोके देतं.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल एकच सांगतो. दूध गोळा करणारी गाडी पाच-दहा मिनिटं चालते आणि थांबते. सायलेन्सर पुरेसा तापत नाही, फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यासाठी ईसीयू जादा डिझेल सोडतो आणि नेमकी त्याच वेळी गाडी बंद केली जाते. असं पुन्हा पुन्हा झालं की अनेक इंजिनांत थोडं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बेअरिंग जातील. ड्रायव्हरला बसवून हे समजावून सांगणं हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

आणि युरिया. ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात, त्या डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो, बाकी क्षारमुक्त पाणी. खताच्या गोणीतल्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण असतं. तो पाण्यात कालवून टाकीत ओतला की नोझल चोंदतं आणि महागडा कॅटॅलिस्ट वाया जातो. शिवाय ते अनुदानाचं खत आहे, पिकाचं आहे. कुणी डीपीएफ काढून टाका, सेन्सर फसवा म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. तो धूर शाळेच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत जातो.

मॅन्युअल इंग्रजीत असतं, म्हणून बिचकू नका. वायरिंगच्या नकाशात तेच ते शब्द पुन्हा येतात. ते देवनागरीत वहीत लिहून काढा, महिन्याभरात डोळ्यांना सवय होते.

प्राचार्य साहेब, माझ्याकडे निकामी झालेले सोलेनॉइड इंजेक्टर, एक पंप आणि रेल आहे. हे सगळं मी संस्थेला देतो आहे. मुलांना ते कापून आतून पाहू द्या. सोबत रिटर्न मोजायच्या बाटल्यांचा संच आणि दोन मल्टिमीटरही देतो. परीक्षा झाल्यावर ज्यांना बेंचवर हात बसवायचा आहे, त्यांनी निदेशकांकडे नाव द्यावं. मुलींनीही द्यावं, माझ्या वर्कशॉपमध्ये त्यांच्यासाठी सोय आहे. येताना फक्त वही आणायची आणि पहिले काही दिवस पान्याला हात न लावता आकडे लिहायचे.