पैसा कोणाचा लुटला?



अमरावतीत कोणालाही पत्ता विचारा, सांगणारा टॉकीजवरूनच सांगेल. राजकमल चौक, चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक. पडद्यावर खेळ सुरू असो की नसो, चौकाचं नाव कायम. सिनेमाच्या धंद्यातही या शहराचं वजन आहे. हिंदी चित्रपटांच्या व्यापारासाठी देशाच्या ज्या टेरिटऱ्या पाडल्या गेल्या, त्यांतली एक अजूनही 'सीपी-बेरार' म्हणूनच ओळखली जाते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे इंग्रजी अमलातलं नाव १९५० साली नकाशावरून गेलं, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला, पण वितरकांच्या वहीतलं नाव काही बदललं नाही. या टेरिटरीच्या वितरणाचं ठाणं अमरावती. रिळांचा जमाना होता तेव्हा पिक्चरच्या पेट्या इथून गावोगावी जायच्या आणि शुक्रवारी पहिल्या शोचा इंटरव्हल झाला की 'पब्लिक काय म्हणते?' हा प्रश्न फोनवरून फिरू लागायचा.

पब्लिक काय म्हणते, हे पाहायचं तर बँक लुटण्याचा सिनेमा घ्यावा. प्रेमकथेबद्दल वऱ्हाडी माणूस 'बरा आहे' म्हणून मोकळा होतो. बँक लुटली म्हटलं की तो सरसावून बसतो, कारण बँक त्याला आतून माहीत असते. पीककर्जाच्या कागदांसाठी त्यानं तिथं हेलपाटे घातलेले असतात, कापसाचा चुकारा तिथंच जमा होतो आणि घरातलं सोनं तारण ठेवायलाही तो तिथंच गेलेला असतो.

उदाहरण 'धूम ३'चं. आमीर खानचा हा चित्रपट २० डिसेंबर २०१३ रोजी लागला. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस विकला जाण्याचे दिवस. हाती पैसा खुळखुळतो आणि टॉकीजही भरतात. पण ते वर्ष जरा वेगळं होतं. पावसाळ्यात विदर्भाला अतिवृष्टीनं झोडपलं होतं आणि बऱ्याच शेतकऱ्यांची मदार उरलंसुरलं पीक आणि बँकेची मेहेरबानी यांवर होती. अशा वेळी पडद्यावर कथा काय, तर शिकागोतल्या एका हिंदुस्थानी सर्कसमालकाचं कर्ज थकलेलं आहे. बँकेनं मुदत वाढवून द्यावी म्हणून तो साहेब लोकांपुढं खेळ करून दाखवतो. ते नाही म्हणतात आणि तो मुलांच्या डोळ्यांदेखत स्वतःला गोळी घालून घेतो. जॅकी श्रॉफनं केलेली ही भूमिका पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला नाटकी वाटली असेल. वऱ्हाडात या प्रसंगाला वेगळा संदर्भ होता. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते ज्या सहा जिल्ह्यांसाठी होतं त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. कर्जापायी बाप गेला, हे इथं पटकथाकाराला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षक चोराच्या बाजूचा होऊन जातो. पुढं मात्र त्याचं चित्रपटाशी भांडण सुरू होतं. नायक इमारतीच्या भिंतीवरून धावत खाली येतो, नोटांचा पाऊस पडतो, मोटारसायकल पाण्यात शिरून होडी होते. सगळं ठीक. पण तिजोरीपर्यंत तो पोहोचला कसा? बँक एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा लुटली जाते आणि चोरीची रीत दिग्दर्शक विजय कृष्ण आचार्य नीट दाखवतच नाहीत. 'बँक लुटली कशी, थे तर दाखोलंच नाही राजेहो!' असली तक्रार वऱ्हाडीतच शोभते आणि ती रास्त आहे. दुसरी हरकत हसत घेतली जाणारी: चोर शिकागोत हिंदीतून निरोप लिहून जातो, म्हणून मुंबईच्या पोलिसाला विमानानं तिकडं बोलावून घ्यायचं. जुळ्या भावांचं रहस्य ख्रिस्तोफर नोलनच्या २००६ च्या 'द प्रेस्टिज'ची आठवण करून देतं, हे इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांनी लगेच हेरलं. तरीही हा चित्रपट त्या वर्षी देशात सर्वाधिक कमाई करणारा ठरला. शंका काढायच्या आणि तिकीटही काढायचं, यात प्रेक्षकाला काही विसंगत वाटत नाही.

याउलट 'आँखें'. २००२ सालचा विपुल शाह यांचा हा चित्रपट एका गुजराती नाटकावरून आला. बँकेतून काढून टाकलेला एक कडक शिस्तीचा अधिकारी, अमिताभ बच्चन, तीन आंधळ्यांना बँक लुटण्याचं शिक्षण देतो. कल्पना 'धूम ३'पेक्षाही अचाट. पण इथं बँकेची हुबेहूब नक्कल उभारून पावलं मोजत केलेली तालीम दिसते, चुका दिसतात, छड्या दिसतात. रीत दाखवली की प्रेक्षक अशक्य गोष्टही पदरात घेतो. त्या बँकेचं नाव विलासराव जेफरसन बँक. विलासराव देशमुख मुख्यमंत्री असतानाच हा चित्रपट लागला, त्यामुळं महाराष्ट्रात त्या नावावर थोडं अधिकच हसू आलं असावं.

सर्वांत कडक परीक्षक अर्थातच बँकेतली मंडळी. अकोल्यात आणि अमरावतीत राष्ट्रीयीकृत बँकांच्या जोडीला जिल्हा बँका, नागरी बँका, पतसंस्था यांचं जाळं आहे. त्यामुळं थिएटरात एखादा कॅशियर किंवा निवृत्त शाखाधिकारी निघतोच. त्याला माहीत असतं की स्ट्राँगरूमच्या किल्ल्या एकट्याच्या हाती कधी नसतात. त्या दोघांच्या ताब्यात असतात आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. मॅनेजरच्या कानशिलाला पिस्तूल लावून काम भागणार नाही, हे तो शेजारच्याला कुजबुजून सांगतो. शिवाय शाखेत किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते, जास्तीची वर पाठवावी लागते. आणि वजनाचं काय? पाचशेच्या नोटांचे एक कोटी म्हणजे शंभर नोटांच्या दोनशे गड्ड्या. एक नोट ग्रॅमभराहून थोडी जड, म्हणजे झाले वीस किलोच्या वर. पडद्यावरचा नायक खांद्याच्या पिशवीत दहा कोटी घालून छपरावरून उडी मारतो, तेव्हा रोज गड्ड्या हाताळणाऱ्या माणसाला पिशवीचे बंदच आधी दिसतात.

खऱ्या चोऱ्यांना उड्यांची गरज पडलेली नाही. २००७ च्या डिसेंबरअखेरीस केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात चेलेंब्र इथं चोरट्यांनी बँकेखालची जागा हॉटेलसाठी म्हणून भाड्यानं घेतली, नूतनीकरणाचा देखावा केला आणि छताला भोक पाडून वरच्या स्ट्राँगरूममध्ये शिरले. सुमारे ८० किलो सोनं गेलं. कल्पना याच मालिकेतल्या आधीच्या 'धूम'वरून सुचली, असं तपासात पुढं आलं. दोन महिन्यांच्या आत ते पकडलेही गेले. २०१७ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या शेजारचा गाळा भाड्यानं घेऊन, वर दुकान थाटून, खालून भुयार खणण्यात आलं. शनिवार-रविवार उलटून सोमवारी बँक उघडली, तेव्हा तीसच्या आसपास लॉकर फोडलेले आढळले.

जुईनगरची बातमी वाचताना चोरांचं कौतुक कोणाच्या तोंडून निघालं नसेल. लॉकरमध्ये असतं ते आईचं मंगळसूत्र, सुनेच्या पाटल्या. प्रेक्षकाच्या मनात सुरुवातीपासून घोळत असलेला दुसरा प्रश्न तो हाच. पैसा कोणाचा लुटला?

'मनी हाइस्ट' या स्पॅनिश मालिकेनं हा प्रश्न मोठ्या हुशारीनं सोडवला. लाल कपड्यांतली, चित्रकार दालीच्या चेहऱ्याचे मुखवटे घातलेली ती टोळी पहिल्या खेपेला टांकसाळीत घुसते आणि नव्या नोटा स्वतःच छापत बसते. ठेवीदाराचा पै-पैसाही हलत नाही. मग प्रेक्षकाला चोरावर जीव लावायची मोकळीक मिळते. 'जवान'नं २०२३ साली तेच जरा आपल्या पद्धतीनं केलं: शाहरुख खान मेट्रोतले प्रवासी ओलीस धरतो, पैसा बड्या उद्योगपतीकडून काढतो आणि तो शेतकऱ्यांच्या कर्जखात्यात जातो. या प्रसंगाला विदर्भात शिट्ट्या पडल्या नसत्या तरच नवल.

सावकारावरच्या या रागाची नाळ फार मागं जाते. 'मदर इंडिया'तला सुखीलाला आणि त्याच्या वह्या जाळणारा बिरजू १९५७ सालचे. त्याच्याही आधी, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख गल्ल्यापेक्षा कर्जखतांवर आणि गहाणखतांवर होता. कागद हिसकावून जाळले गेले. दंगा पुणे-नगरकडं पसरला आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. 'धूम ३'मधल्या गोऱ्या बँकवाल्यानं सुखीलालाचीच गादी चालवली आहे, फक्त धोतराऐवजी सूट आला.

पण बँकेकडून कर्ज घेणारा आणि बँकेत ठेव ठेवणारा पुष्कळदा एकच माणूस असतो, आणि इथं 'धूम ३'सारखे चित्रपट गडबडतात. 'धूम ३'च्या शेवटी ती शिकागोची बँक बंद पडते. सूड पूर्ण झाला म्हणून संगीत वाजतं. पतसंस्थेत पैसे अडकलेला एखादा प्रेक्षक मात्र बाहेर पडताना विचारतो की त्या बँकेतल्या ठेवीदारांचं पुढं काय झालं? अमेरिकेत त्यांच्या ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत विम्याचं संरक्षण होतं. आपल्याकडं ही मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, लोक रस्त्यावर उतरले आणि २०२० च्या फेब्रुवारीत ही मर्यादा पाच लाखांवर गेली. आणि जुईनगरसारखा लॉकर चोरट्यांनी फोडला तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँक जबाबदार, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र ठेवविम्याचं ते पाच लाखांचं कवच लागू होत नाही.